कुंपणाच्या आतील जागा

११ फेब्रुवारी २०२३ या दिवशी हैदराबादच्या हुसेनसागर तलावाच्या काठी एक अपूर्व दृश्य दिसले. ज्या रस्त्यावर एरवी नागरिक संध्याकाळच्या वेळी वारा खावयास जातात, त्याच रस्त्यावरून विजेच्या बळावर चालणाऱ्या मोटारी धावत होत्या. इंजिनाची ती परिचित गर्जना नव्हती. होती ती केवळ एक तीक्ष्ण शीळ, आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच मोटार वळणापलीकडे दिसेनाशी झालेली! ‘फॉर्म्युला ई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक स्पर्धेतील ही शर्यत. शहराच्या रस्त्यांतूनच आखलेला तिचा मार्ग पावणेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा होता. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ ही तीन वर्षे ‘फॉर्म्युला वन’ची शर्यत झाली, त्यानंतर मोटारींच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भारतात पुन्हा झाली ती या दिवशी. फ्रान्सचा झां-एरिक व्हर्न तीत पहिला आला.

त्या दिवशी तलावाच्या काठी कॅमेरे पुष्कळ होते. परंतु ते दोन जातींचे होते. काही कॅमेरे उंच लोखंडी जाळीच्या बाहेर, तिकीट काढून आलेल्या गर्दीत, माणसांच्या डोक्यांवरून कसेबसे वर धरलेले होते. काही थोडे कॅमेरे मात्र जाळीच्या आत, ठरवून दिलेल्या जागी, रंगीत जाकीट घातलेल्या माणसांच्या हातांत होते. दोहोंमधील अंतर मोजले तर ते काही पावलांचे भरले असते. पण ही काही पावले ओलांडण्यास कित्येकांना कित्येक वर्षे लागतात, आणि कित्येकांना ती कधीच ओलांडता येत नाहीत. ती कशी ओलांडावयाची, आणि मुळात तेथे कुंपण घातले आहे ते कशासाठी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. त्याचा संबंध एका तरुण पिढीच्या महत्त्वाकांक्षेशी आहे, तिच्या उपजीविकेशी आहे आणि प्रसंगी जिवाशीही आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ या गावाचे उदाहरण घ्यावे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग आणि शेजारचा किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात गेला. बोथ मात्र पलीकडेच राहिले. सीमेची रेघ अशी घरांजवळून गेली. परंतु भाषा, सोयरीक आणि सणवार यांनी ती रेघ फारशी मानली नाही. आजही बोथच्या परिसरात मराठी बोलणारी घरे आहेत, कापसाची शेते आहेत, सागाची जंगले आहेत, आणि जवळच पोचेराचा धबधबा आहे. अशा गावात छायाचित्रांचे लहानसे दुकान चालविणारा एखादा तरुण असावा. तो लग्नाची, बारशाची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रे घेतो; ओळखपत्रावरचे फोटो काढून देतो. अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या हैदराबादला जाऊन तो ही शर्यत पाहतो आणि तिने भारून जातो. शर्यतीच्या मोटारींची चित्रे घ्यावयाची हाच आपला व्यवसाय, असा ध्यास तो घेतो. अशा तरुणापुढे पहिल्याच पावलाला एक गाठ येते, आणि ती मोठी विलक्षण गाठ असते.

शर्यतीच्या कचेरीत तो विचारतो, “मला आत जाण्याचा परवाना मिळेल काय?” उत्तर मिळते, “आपली प्रसिद्ध झालेली चित्रे दाखवा.” तो वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो आणि म्हणतो, “माझी चित्रे प्रसिद्ध कराल काय?” तेथे उत्तर मिळते, “शर्यतीची चित्रे आणा, मग पाहू.” चित्रांवाचून परवाना नाही आणि परवान्यावाचून चित्रे नाहीत! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी जी म्हण आपल्याकडे आहे, तिचाच हा नवा अवतार. बहुतेक हौशी तरुण या गाठीपाशीच थांबतात. कोणी निराश होतात. कोणी ओळखीचा माणूस शोधू लागतात. आणि कोणी, दुर्दैवाने, खोट्या मार्गाला लागतात.

ही गाठ सोडवावयाची असेल तर प्रथम कुंपणाचा इतिहास समजून घेतला पाहिजे. मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला आजच्यासारखे भक्कम कुंपण नव्हते. कोठे गवताच्या गाठोड्या, कोठे मातीचा बांध, कोठे नुसती दोरी. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांच्या शर्यतीत एक मोटार दुसरीवर आदळून बांधावर गेली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत उडाले. ऐंशीहून अधिक माणसे त्या अपघातात प्राणांस मुकली. त्या घटनेने सारे युरोप हादरले. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली. पुढे दोनच वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतीत एका मोटारीचा ताबा सुटून चालक, त्याचा साथीदार आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मरण पावले. त्या नवांत मुलेही होती. सार्वजनिक रस्त्यावरील ती वेगाची शर्यत त्यानंतर त्या स्वरूपात झाली नाही.

हा इतिहास फार जुना झाला असे कोणी म्हणेल. परंतु ७ जुलै २०१३ रोजी जर्मनीत न्युरबुर्गरिंग येथे जे घडले ते जुने नाही. मोटारींची चाके जेथे बदलतात त्या गल्लीला ‘पिट’ म्हणतात. तेथे एका मोटारीचे चाक नीट बसले नव्हते. मोटार निघताच ते निखळले, उसळत गेले आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका कॅमेरामनवर आदळले. त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, बरगड्या मोडल्या. तो नवखा नव्हता; अधिकृत परवाना घेऊन आपले नेमून दिलेले काम करीत होता. या अपघातानंतर शर्यत चालू असताना वृत्तप्रतिनिधींनी त्या गल्लीत उभे राहण्यावर कडक निर्बंध आले. अनुभवी माणसाच्या बाबतीत जे घडले, ते अननुभवी माणसाच्या बाबतीत किती सहज घडेल, हे निराळे सांगावयास नको.

यावरून परवान्याचे खरे स्वरूप ध्यानी येते. सामान्य समजूत अशी असते की, परवाना म्हणजे एक मान आहे, विनामूल्य शर्यत पाहण्याची ती सवलत आहे. वस्तुतः तो एक करार आहे. आत येऊ देणारा म्हणतो : “तू येथे कामासाठी आला आहेस, तुला धोका कळतो, आणि तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात येणार नाही असा माझा विश्वास आहे.” मग त्या अर्जावर मागितल्या जाणाऱ्या कागदांचा अर्थही निराळा दिसू लागतो. प्रसिद्ध झालेल्या चित्रांची कात्रणे मागतात ती केवळ कलेची परीक्षा म्हणून नव्हे. या माणसाने यापूर्वी हे काम केले आहे, याचा तो पुरावा असतो. संपादकाचे पत्र मागतात ते भपक्यासाठी नव्हे. या माणसाच्या कामाची जबाबदारी घेणारे कोणी आहे, याची ती खूण असते. आणि स्वतःच्या जिवाची जोखीम पत्करल्याच्या हमीपत्रावर सही घेतात, ती का घेतात हे ल माँच्या आठवणीनंतर कोणीही विचारणार नाही.

अर्थात दुसरीही कारणे आहेत, आणि ती लपविण्याचे कारण नाही. जागा थोडी असते. जाळीला कॅमेऱ्यासाठी ठेवलेली भोके मोजकी असतात. तेथे शंभर माणसे उभी राहू शकत नाहीत. शिवाय मोठी शर्यत हा एक मोठा व्यापारही असतो. हलती चित्रे दाखविण्याचे हक्क मोठ्या रकमांना विकलेले असतात. म्हणून स्थिर छायाचित्रांचा परवाना असलेल्या माणसाला चलच्चित्र घेण्याची बहुधा मनाई असते. त्याची छायाचित्रेही बातमीसाठी वापरावयाची असतात. जाहिरातदाराला ती परस्पर विकावयाची झाल्यास निराळी परवानगी लागते. अर्जाच्या खाली बारीक अक्षरांत छापलेल्या या अटी वाचल्यावाचून सही करणारा माणूस पुढे अडचणीत येतो.

परवाना देतो कोण, हेही नीट समजले पाहिजे. कारण निम्मे अर्ज चुकीच्या दारी जातात. मोटार शर्यतींची जागतिक संस्था पॅरिस येथे १९०४ साली स्थापन झालेली ‘फिया’ ही होय. भारतात त्या खेळाचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संघटना करते. तिच्या खाली निरनिराळे क्लब आणि शर्यती भरविणाऱ्या संस्था असतात. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीचा परवाना जागतिक पातळीवरूनच ठरतो. त्याचे अर्ज काही आठवडे आधी मागवितात आणि मुदत संपल्यावर कोणाचीही गय करीत नाहीत. राष्ट्रीय किंवा प्रादेशिक शर्यतीची गोष्ट निराळी. तेथे शर्यत भरविणाऱ्या संस्थेचा प्रसिद्धी-अधिकारीच अर्ज पाहतो. त्याला भेटता येते, पत्र लिहिता येते, आणि पत्र नीट असेल तर त्याचे उत्तरही येते. बोथच्या तरुणाने पहिला अर्ज जगातील सर्वांत मोठ्या शर्यतीसाठी करणे म्हणजे पाया खणण्यापूर्वीच कळसाची वर्गणी गोळा करण्यासारखे आहे.

मग पाया कोठे खणावा? याचे उत्तर बोथपासून फार दूर नाही. वेगाचे चित्र घेण्याची विद्या मोटारीवरच शिकावी लागते असा काही नियम नाही. सीमेपलीकडे, विदर्भात, सुगीनंतर शंकरपट भरतात. मधली काही वर्षे न्यायालयाच्या आज्ञेने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांविषयीचा कायदा कायम ठरविला. धुळीचा लोट उठवीत बैलजोडी समोरून निघून जाते ती काही क्षणांतच. त्या क्षणांत जोडी नेमकी टिपता आली, बैलांच्या डोळ्यांतील आवेश आणि हाकणाऱ्याच्या अंगाचा ताण चित्रात उतरला, तर त्या हाताला मोटारही टिपता येईल. आणि शंकरपटातही कडेला उभे राहण्याची शिस्त आहेच. उधळलेली जोडी कॅमेरा पाहून थांबत नसते!

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ५५ मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याची झडप एक सहस्रांश सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात मोटार सुमारे साडेपाच सेंटिमीटर सरकते. चित्र बऱ्यापैकी स्वच्छ येते, परंतु मोटार जणू रस्त्यात उभी करून ठेवली आहे असे दिसते. उलट झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी ठेवली, तर मोटार जवळजवळ एक मीटर पुढे जाते आणि स्थिर कॅमेऱ्यात तिचा नुसता फराटा उमटतो. म्हणून जाणते छायाचित्रकार कॅमेरा मोटारीबरोबर फिरवितात. पाय रोवून, कमरेतून वळत, मोटारीच्या वेगाशी आपला वेग जुळवून ते कळ दाबतात, आणि कळ दाबल्यावरही फिरणे थांबवीत नाहीत. मग मोटार स्वच्छ येते आणि मागची झाडे, माणसे, फलक यांचे आडवे पट्टे होतात. चित्राला वेग येतो तो त्या पट्ट्यांमुळे. हे कसब पुस्तक वाचून साधत नाही. शेकडो चित्रे फुकट घालवावी लागतात. बोथजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली यांवर ते फुकट घालविता येते, आणि त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही.

कुंपणाबाहेरून चांगले चित्र येतच नाही, ही समजूतही खरी नव्हे. झाक आंरी लार्तिग हा फ्रेंच तरुण १९१२-१३ च्या सुमारास ग्रां प्री शर्यत पाहावयास गेला होता, तेव्हा त्याचे वय विशीच्या आतबाहेर होते. त्याने धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा फिरवून एक चित्र घेतले. त्या काळच्या कॅमेऱ्यातील झडप एका फटीच्या रूपाने काचेवरून सरकत असे. त्यामुळे मोटारीचे चाक पुढे झुकलेले, लंबवर्तुळाकार आले आणि कडेची माणसे उलट बाजूला कलली. मोटारीचा अर्धा भाग तर चौकटीबाहेरच राहिला. ते चित्र त्याला त्या वेळी फसलेले वाटले. पण १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि पुढे तेच चित्र वेगाचे सर्वोत्तम चित्र म्हणून जगभर मान्यता पावले. लार्तिग हा व्यावसायिक नव्हता. तो एक हौशी प्रेक्षक होता. तिकीट काढून प्रेक्षकांत बसलेल्या माणसानेही आपल्या चित्रांचा पहिला संग्रह तेथूनच तयार करावा, असा याचा अर्थ. वळणाजवळची उंच जागा, जेथे जाळीच्या वरून रस्ता दिसतो, ती आधी जाऊन हेरून ठेवावी. सराव-फेऱ्यांच्या दिवशी गर्दी कमी असते. तो दिवस दवडू नये. आणि मोटारीच बघत न बसता चाक बदलणारे कामगार, चालकाची वाट पाहणारी आई, रणरणत्या उन्हात निशाण घेऊन उभा असलेला स्वयंसेवक यांच्याकडेही पाहावे. अशी चित्रे मोठ्या संस्थांचे छायाचित्रकार क्वचितच घेतात, कारण त्यांना विजेत्याच्या मागे धावावे लागते.

दुसरी पायरी लहान शर्यतींची. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे आणि कोइमतूरजवळ शर्यतींसाठी बांधलेले मार्ग आहेत, आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तेथे भरत आल्या आहेत. मद्रासमधील क्लब तर १९५३ साली स्थापन झाला आणि महायुद्धाच्या काळात बांधलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर त्याने वर्षानुवर्षे शर्यती भरविल्या. महाराष्ट्रातही या खेळाची आवड जुनी आहे. नाशिकच्या परिसरात मोटार रॅली झाल्या आहेत, कोल्हापुरात लहान मोटारींच्या, म्हणजे ‘कार्टिंग’च्या, शर्यतींतून चालक तयार झाले आहेत, आणि २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून मोटारसायकलींच्या ‘सुपरक्रॉस’ लीगची पहिली फेरी झाली. याशिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी मोकळ्या मैदानावर मातीवरच्या शर्यती होतात, त्यांची बातमी मोठी पत्रे देत नाहीत. हीच नवख्याची शाळा. येथे स्पर्धकांना आपले चित्र हवे असते आणि ते घेणारा कोणी नसतो. मागणी आणि पुरवठा यांची अशी भेट मोठ्या शर्यतीत होत नाही.

या पायरीवर संपादकाच्या पत्राची गाठ सुटू लागते. नांदेड, यवतमाळ, आदिलाबाद यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी नोंदणी झालेली दैनिके आणि साप्ताहिके निघतात. बोथच्या तरुणाला मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येत असतील, तर त्याच्यापुढे एक नव्हे, दोन वृत्तपत्रसृष्टी मोकळ्या आहेत. सीमेवर राहण्याचा हा लाभ शहरातील तरुणाला नाही. त्याने रिकाम्या हाताने पत्र मागावयास जाऊ नये. प्रथम चार चित्रे आणि दोनशे शब्दांची बातमी न मागता नेऊन द्यावी. चित्राखाली चालकाचे नाव, मोटारीचा क्रमांक, फेरीचा निकाल आणि दिनांक अचूक लिहावा. चित्र त्याच संध्याकाळी पोहोचले पाहिजे. दुसऱ्या दिवशीचे चित्र शिळे असते. असे तीन-चार वेळा झाले म्हणजे संपादकाला त्या तरुणाचा चेहरा नव्हे, त्याचा नेमकेपणा लक्षात राहतो. मग पत्र मागितल्यास ते मिळते, आणि ते पत्र खरे असते.

परवान्यासाठी लिहावयाच्या अर्जाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. तो एका पानाहून मोठा नसावा. आपण कोण, कोणत्या पत्रासाठी काम करणार, ते पत्र किती लोकांपर्यंत पोहोचते, कोणत्या दिवसांसाठी परवाना हवा आणि शर्यतीनंतर किती दिवसांत चित्रे प्रसिद्ध होतील, एवढे त्यात स्पष्ट असावे. सोबत दहा-बारा निवडक चित्रे असावीत; शंभर नव्हेत. कात्रणे दिनांकासह असावीत. ‘लहानपणापासून मला मोटारींचे वेड आहे’ हे वाक्य खरे असले तरी ते लिहू नये, कारण ते प्रत्येक अर्जात असते आणि त्याने अधिकाऱ्याचा कोणताच प्रश्न सुटत नाही. नकार आला तर आभाराचे दोन शब्द लिहावेत आणि पुढच्या फेरीला पुन्हा अर्ज करावा. मिळालेल्या परवान्यानंतर प्रसिद्ध झालेली चित्रे त्या अधिकाऱ्याकडे आपण होऊन पाठवावीत. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक करतात. म्हणूनच जे करतात ते लक्षात राहतात.

आत जाण्याचे आणखी एक दार आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शर्यतीच्या मार्गावर निशाणे दाखविणारे, अपघात झाल्यास धावून जाणारे जे स्वयंसेवक असतात, त्यांना मार्शल म्हणतात. क्लब त्यांना शिक्षण देतात. मार्शलला कामावर असताना कॅमेरा वापरता येत नाही. हे प्रथमदर्शनी तोट्याचे वाटेल. परंतु एक हंगाम हातात निशाण घेऊन उभा राहिलेला माणूस जे शिकतो ते कॅमेरा घेऊन दहा हंगाम हिंडणाऱ्याला कळत नाही. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, लाल म्हणजे शर्यत थांबली, हे तर तो शिकतोच. पण मोटार मार्गाबाहेर गेली तर कोणत्या बाजूला जाते, आणि म्हणून माणसाने कोठे उभे राहू नये, हे ज्ञान त्याच्या अंगी मुरते. पुढे तो कॅमेरा घेऊन अर्ज करतो तेव्हा क्लबचे लोक त्याला ओळखत असतात.

आत गेल्यावरचे नियम थोडे असले तरी त्यांत तडजोड नाही. सकाळी छायाचित्रकारांची सभा असते. ती चुकविणाऱ्याला जाकीट मिळत नाही, आणि मिळू नयेच. नकाशावर लाल रंगाने दाखविलेल्या जागी उभे राहावयाचे नाही. पायांत बंद बूट असावेत. धावत्या मोटारींकडे कधीही पाठ करू नये. मार्शलने ‘मागे व्हा’ म्हटले की, चित्र कितीही चांगले येत असले तरी मागे व्हावे. वाद घालावयाचा तो संध्याकाळी घालावा. अपघात झाल्यास प्रथम वाट मोकळी करावी, मग कॅमेरा उचलावा. एका माणसाच्या बेफिकिरीने शर्यत थांबू शकते, आणि पुढच्या वर्षी साऱ्यांचीच जागा दहा पावले मागे जाऊ शकते.

आडमार्गाची एक सूचना येथे करणे भाग आहे. पैसे घेऊन ‘पत्रकार’ म्हणून ओळखपत्र करून देणारे लोक भेटतात. ज्याच्यापाशी खरे पत्र नाही, त्याला तो मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु शर्यतीच्या जगात माणसे थोडी आहेत आणि ती एकमेकांस ओळखतात. खोट्या ओळखपत्राने एकदा आत गेलेला माणूस दुसऱ्यांदा खऱ्या पत्राने जाऊ शकत नाही. मित्राचे जाकीट घालून आत शिरणे हाही त्यातलाच प्रकार. परवाना जर विश्वासाचा करार असेल, तर त्याची सुरुवात असत्याने करणारा माणूस त्या कराराचाच पाया उखडतो.

लुई क्लेमंटास्की या इंग्लंडमधील छायाचित्रकाराचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. तो प्रथम स्वतः शर्यतीत उतरत असे. अपघातानंतर त्याने चालविणे सोडले आणि कॅमेरा हाती घेतला. मार्गाच्या इतक्या जवळ उभा राहून तो चित्रे घेत असे की, पाहणाऱ्याला भीती वाटावी. परंतु मोटार कोठून जाईल हे त्याला चालकाइतकेच कळत होते आणि चालकांनाही ते माहीत होते. १९५७ च्या त्याच मिल्ले मिलियात पीटर कॉलिन्सने त्याला आपल्या फेरारीत मार्गदर्शक म्हणून शेजारी बसविले, आणि धावत्या मोटारीतून क्लेमंटास्कीने जी चित्रे घेतली ती आजही पाहिली जातात. कोणत्या कचेरीने त्याला तो परवाना दिला? कोणत्याही नाही. एका चालकाने त्याच्या हाती आपल्या मार्गाची जबाबदारी सोपविली, हाच त्याचा परवाना होता.

शेवटी उपजीविकेचा प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. हुसेनसागरच्या काठी दुसऱ्या वर्षीही शर्यत व्हावयाची होती. फेब्रुवारी २०२४ चा दिवसही ठरला होता. परंतु राज्यात सत्तांतर झाले, करारावरून मतभेद झाले, आणि जानेवारीत ती शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. ग्रेटर नोएडाची ‘फॉर्म्युला वन’ तीन वर्षांत थांबली होती, तसेच हे. मोठ्या शर्यती येतात आणि जातात; त्यांच्या भरवशावर घर चालविता येत नाही. बोथच्या तरुणाने एका जागतिक शर्यतीच्या आशेने दुकानाला कुलूप लावले असते, तर त्याच्यावर कोणती वेळ आली असती याची कल्पना करवत नाही. लग्नाची चित्रे घेण्यात कमीपणा नाही. कॅमेऱ्याचे हप्ते त्यांनीच फिटतात, आणि मंडपातील अंधूक दिव्यांत, धावपळीत, अंतरपाट दूर होण्याचा तो एकच क्षण अचूक टिपण्याची सवय शर्यतीतही कामास येते. कारण तो क्षणही दुसऱ्यांदा येत नसतो.

बोथहून आदिलाबाद, आदिलाबादहून किनवटमार्गे नांदेड, तेथून पुणे किंवा हैदराबादमार्गे चेन्नई, असा हा लांबचा प्रवास आहे. त्यात खर्च आहे, नकार आहेत, धूळ आहे. पण या प्रवासात चोरवाट नाही, तशी कोंडीही नाही. पहिले पाऊल गावच्या रस्त्यावर पडते, दुसरे शंकरपटाच्या धुळीत, तिसरे एखाद्या लहान शर्यतीच्या दोरीपाशी. प्रत्येक पावलागणिक एका माणसाचा विश्वास मिळवावा लागतो : कधी संपादकाचा, कधी मार्शलचा, कधी चालकाचा. असे पुरेसे विश्वास गाठीशी जमले म्हणजे एक दिवस कुंपणाचे दार उघडते. दार उघडणारा पहारेकरी त्या वेळी केवळ गळ्यातील बिल्ला पाहतो. पण त्या बिल्ल्यामागे कोणकोणाचा शब्द उभा आहे, हे तो घालणाऱ्याने विसरू नये.